एक्केचाळीस वेळा हं

तुटकं वल्हं गाव, १५ जुलै

प्रिय डेल्फिनताई,

काल सोमवारी सकाळी मी चर्चची घंटा वाजवली, प्रार्थनेला आलेल्या सात म्हाताऱ्यांना आणि एका कुत्र्याला आत घेतलं, मग मागच्या दारानं उतरून उत्तरेच्या धक्क्यावर चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहिली, आणि मेव्हण्याचा कोट चढवून राज्य सरकारशी बोलणी करायला गेलो. कोट काखेत घट्ट होता. त्यामुळे दिवसभर माझे हात अंगाला चिकटून राहिले. मॅव्हिस म्हणाली, त्यानं मी फार नम्र दिसत होतो.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

बोलणी कॅसिनोची. आपल्याकडे यंत्रं आहेत, पत्ते आहेत, पण फासे आणि रुलेटचं चक्र नाही. ते आणायचं तर राज्याशी नवा करार करावा लागतो. शिवाय मॅव्हिसला हमरस्त्याजवळ दुसरा कॅसिनो हवा आहे. जमातीची अध्यक्ष झाल्यापासून तिला चक्राखेरीज काही सुचत नाही. झोपेतसुद्धा तिचं बोट गोल फिरतं, असं तिचा नवरा सांगतो.

राजधानीहून तिघं आले होते. ओडगार्ड नावाचे वकील, त्यांची बॅग धरणारा एक मनुष्य आणि एक टायपिस्टबाई. तू विचारशील म्हणून सांगतो, ओडगार्ड माणूस वाईट नाही. फक्त थांबत नाही. अडीच तास बोलले. पहिल्या अर्ध्या तासात आपली मंडळी एकेक करून कॉफी आणि तळलेल्या रोट्यांच्या टेबलाकडे गेली ती तिथंच रमली. मी जागचा हललो नाही. ऐकणाऱ्याची खुर्ची माझी आहे ना. पाहुणा बोलत असला की आपल्यातल्या एकानं समोर बसून हं म्हणत राहायचं, म्हणजे त्याला झाडांशी बोलल्यासारखं वाटू नये. एफ्रेमकाकांनंतर अकरा वर्षं हे काम मी करतो.

मला जागा टायपिस्टबाईंच्या शेजारी मिळाली होती. ताई, त्या बाईची बोटं म्हणजे सुतारपक्षी! समोरच्याच्या तोंडातून शब्द पडायच्या आत पडद्यावर अक्षरं धावायची. मी सबंध वेळ बघत होतो. करमणूक झाली.

राज्याची एक अट आहे, दुसरा कॅसिनो उत्तरेच्या धक्क्यावरच बांधायचा. तिथं त्यांचा रस्ता आणि वीज आधीच पोचलेली आहे. हमरस्त्याजवळच्या जुन्या लाकूड गिरणीच्या जागेवर बांधायचं तर त्यांना नवा फाटा काढून द्यावा लागेल, तो काढायचा त्यांना कंटाळा. धक्का गेला तर आपण तळ्यातल्या रानतांदळासाठी होड्या कुठून उतरवणार? बाकी सगळा किनारा दलदल. पण काळजी करू नकोस. पुढच्या बैठकीत मी नीट नाही म्हणणार आहे. जाताना ओडगार्डनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. इतकं चांगलं ऐकणारा माणूस आयुष्यात भेटला नाही, म्हणाले.

तुझा,
लिअँडर

*

शहर, २३ जुलै

लिअँडर,

काय रे, नम्र दिसायला तुला कोट कशाला लागतो? तू जन्मलास तेव्हा सुईणीची माफी मागितली होतीस.

आधी एक स्पष्ट करते. कॅसिनो पाप आहे वगैरे तू लिहिलं नाहीस, हे बरं केलंस. तुझं चर्च दर गुरुवारी बिंगो खेळवतं आणि पाद्री स्वतः आकडे पुकारतो. आपले पूर्वज दोन दोन दिवस हाडाच्या तुकड्यावर पैजा लावायचे, घोडे हरायचे, बायकोची चादर हरायचे, आणि वर गाणी म्हणायचे. मॅव्हिसला तिचं चक्र मिळू दे. तिथं नोकऱ्या असत्या तर मी बावीस वर्षं शहरात बस हाकली असती का?

पण धक्का नाही. त्या धक्क्यावर माझ्या आईनं मला होडीत बसवून तांदूळ झोडायची दांडकी हातात दिली होती. पहिल्याच दिवशी मी तांदळाऐवजी तुझं डोकं झोडलं होतं. तुझ्या डोक्यावर ते टेंगूळ अजून आहे, म्हणजे धक्का ऐतिहासिक आहे, असं सांग त्या वकिलाला.

आणि त्या हंबद्दल. बाबा रे, शहरात हंचा अर्थ वेगळा होतो. इथं आल्यावर पहिल्याच वर्षी दारात एक झाडू-यंत्र विकणारा आला. तो बोलत होता, मी आपली हं, हं करत होते, गरीब बिचारा बोलतोय म्हणून. संपल्यावर त्यानं यंत्र आत आणून ठेवलं आणि सही मागितली. ते अजून माझ्या पलंगाखाली आहे. मी त्याला ओडगार्ड म्हणायला लागणार आता.

तू नुसतं हं म्हणालास की आणखी काही म्हणालास? कळव.

डेल्फिन

*

तुटकं वल्हं गाव, ४ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि राज्याचा कागद एकाच दिवशी आले. टपालवाल्यानं तुझं आधी दिलं असतं आणि तो कागद तळ्यात टाकला असता तर बरं झालं असतं.

बैठकीची नोंद आली आहे. त्यात मी, म्हणजे ‘श्री. ड्रिफ्ट’, एक्केचाळीस वेळा बोललो आहे आणि दर वेळी एकच शब्द. नमुना उतरवून पाठवतो.

‘श्री. ओडगार्ड : दुसरी इमारत उत्तरेच्या धक्क्यावर असावी, हे सर्वांच्या सोयीचं आहे.
श्री. ड्रिफ्ट : हो.
श्री. ओडगार्ड : तसाही तो धक्का हल्ली फारसं कुणी वापरत नसावं.
श्री. ड्रिफ्ट : हो.
श्री. ओडगार्ड : विषयांतर होतंय, पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी गोल्फ खेळू लागलो. मला वाटतं, गोल्फमध्ये एक प्रकारचं अध्यात्म आहे. तुमच्या लोकांना हे अधिक समजेल.
श्री. ड्रिफ्ट : हो.’

धक्क्याचा हो एकोणिसावा. गोल्फचा एकविसावा.

मॅव्हिसनं परिषदेत हे मोठ्यानं वाचलं. गोल्फपाशी तिला इतकं हसू आलं की तिला पाणी द्यावं लागलं. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “लिअँडर, हसण्यावारी नेऊ नकोस. ते म्हणतात, तुमच्या प्रतिनिधीनं धक्का मान्य केला. एकोणतीस ऑगस्टला ते सह्यांना येणार.” मी म्हणालो, मी मान्य केलेलं नाही. ती म्हणाली, “अरे, मला कळतं रे! इथं बसलेल्या प्रत्येकाला हं म्हणजे काय ते कळतं. पण तो कागद इथं बसत नाही ना, तो राजधानीत बसतो.”

पेट्रोल पंपावर मला आता ‘श्री. हो’ म्हणतात. परवा पंपवाल्या ऑस्करनं विचारलं, “श्री. हो, तुमचा ट्रक मला देऊन टाकता का?” हल्ली मी कुणाशी बोलताना ओठ मिटून ठेवतो. म्हाताऱ्या इडाबाईंना वाटलं, माझा दात दुखतोय. त्यांनी लवंग दिली.

ओडगार्डना सविस्तर पत्र लिहिलंय. त्यात एफ्रेमकाकांचं सांगितलं. हिवाळ्यात जाळी विणता विणता ते गोष्ट सांगायचे आणि आपलं हं थांबलं की ते तिथंच थांबायचे. त्या अस्वलाच्या मेव्हण्याला त्यांनी एकदा चार दिवस झाडाला लटकवून ठेवलं होतं, कारण तू झोपलीस. हं म्हणजे मी जागा आहे, पुढं सांगा, एवढंच. ते संमतीचं उत्तर नव्हे. शिकलेला माणूस आहे, समजून घेईल. नऊ दिवसांची प्रार्थनाही धरली आहे. चूक त्या टायपिस्टबाईंची आहे, पण त्यांना तरी कसं कळणार?

तुझा,
लिअँडर

*

शहर, ११ ऑगस्ट

लिअँडर,

तुझं पहिलं पत्र मी फ्रिजवर लावलं होतं, कोटाच्या विनोदासाठी. आज दूध काढताना पुन्हा वाचलं. दूध बाहेरच राहिलं.

तू लिहिलंयस, तू टायपिस्टच्या शेजारी बसला होतास. पडद्यावर अक्षरं धावत होती. तू सबंध वेळ बघत होतास. करमणूक झाली.

तुला वाचता येतं. आपल्या शाळेत फळ्यावरचं सगळ्यात आधी तूच वाचायचास आणि मला मागून सांगायचास.

मग तुझ्या प्रत्येक हंपुढं ‘हो’ उमटताना तुला दिसलं. एक्केचाळीस वेळा दिसलं. आणि तू चूक त्या बाईवर ढकलतोस? खरं काय ते लिही. मी रागावणार नाही. रागावले तरी इथून तुझं डोकं लांब आहे.

डेल्फिन

*

तुटकं वल्हं गाव, २० ऑगस्ट

ताई,

हो. हा हो आहे, हं नव्हे.

मला दिसलं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं, वाक्य संपलं की सांगू. त्यांचं वाक्य संपलंच नाही. पाहुण्याला मध्ये तोडायचं नाही, हे आपल्या हाडात आहे. मग पाच-सहा हो झाले आणि वाटलं, आता सांगितलं तर ते विचारतील, आधी का नाही बोललात? दर हो आधीच्या होला झाकत गेला. एकोणिसाव्याला तर धक्काच गेला. पण ते माझ्याकडे इतक्या आनंदानं बघत होते! खरं सांगायचं तर मला आवडत होतं. एवढा मोठा वकील राजधानीहून येतो आणि माझ्या तोंडाकडे बघून बोलतो. मी त्याला नम्रपणा म्हणत होतो. तो हावरटपणा होता. कुणी यंत्रापाशी बसून उठत नाही, तसा मी त्या खुर्चीत बसून उठलो नाही.

ओडगार्डचं उत्तर आलं. मोठ्या सौजन्यानं लिहिलंय. ‘आपल्या सुंदर प्रथेची माहिती वाचून मी व माझी पत्नी भारावून गेलो. पुढील बैठकीत मी तिचं अवश्य पालन करीन. तथापि नोंद ही नोंद असते. तीत दुरुस्ती करायची तर ज्यांचे उद्गार आहेत त्यांनी स्वतः, सर्वांसमक्ष, कारणासह ती सांगावी लागेल.’

कारणासह! म्हणजे मला सगळ्यांसमोर सांगावं लागेल की मी बघत होतो आणि गप्प बसलो. एफ्रेमकाकांच्या खुर्चीतून. त्यानंतर ती खुर्ची माझी राहील का? आणि राज्यवाले चिडून उठून गेले तर चक्रही गेलं आणि नोकऱ्याही गेल्या. इडाबाईंच्या दोन्ही नाती त्या नोकऱ्यांची वाट बघत शहरात बिऱ्हाड करून राहिल्यात. लोक म्हणतील, ह्याच्या तोंडामुळं आधी धक्का गेला आणि मग ह्याच्या तोंडामुळं कॅसिनो.

धक्क्यावर रोज जातो. तांदळाच्या लोंब्या भरत आल्यात. यंदा दाणा चांगला आहे. दुसरी नऊ दिवसांची प्रार्थना सुरू केली आहे. देव ऐकतोय, असं आतून वाटतं. बहुधा गप्प राहणंच त्याच्या मनात असेल.

लिअँडर

*

शहर, २४ ऑगस्ट

लिअँडर,

देव ऐकतो, यात मला शंका नाही. चाळीस वर्षं तू बोलतोयस आणि तो वरून हं, हं म्हणतोय. त्याचा ‘हो’ तू कधीपासून लिहून घ्यायला लागलास?

प्रार्थना चालू दे. पण एकोणतीसला तोंड उघड.

मी तीसच्या बसनं येतेय. ही मी नाही हाकणार, मागच्या सीटवर बसून ड्रायव्हरला नावं ठेवणार. दांडकी घासून ठेव. धक्का असेल तर तांदूळ झोडू. नसेल तर तुझं डोकं आहेच.

डेल्फिन

ता. क. खुर्चीचं म्हणशील तर एफ्रेमकाका ऐकता ऐकता घोरायचे. मला ठाऊक आहे, कारण तो आवाज हं म्हणून चालून जायचा.

*

तुटकं वल्हं गाव, २९ ऑगस्ट

प्रिय ताई,

हे पत्र तुला शहरात मिळणार नाही. उद्या तू उतरशील तेव्हा हातात देईन. तोंडी सांगायला गेलो तर तू मध्ये बोलशील.

आधी निकाल सांगतो, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचशील. धक्का राहिला. चक्राचं लांबणीवर पडलं. ओडगार्ड राजधानीत जाऊन लाकूड गिरणीच्या जागेबद्दल विचारणार आहेत, आणि तिकडून काय येईल ते त्यांनाच माहीत नाही. मॅव्हिस माझ्याशी बोलत नाही. ऐकणाऱ्याची खुर्ची मी सोडली. ऑस्करनं ती भिंतीशी नेऊन ठेवली आणि वर कॉफीचं भांडं ठेवलं.

आता कसं झालं ते. मी आज आपला चौकडीचा सदरा घातला होता. हात मोकळे हवे होते. टायपिस्टबाईंच्या शेजारचीच खुर्ची मिळाली. ओडगार्ड बसले, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “आज तुम्ही बोला, श्री. ड्रिफ्ट. मी ऐकतो. तुमच्या पद्धतीनं.”

मी सुरुवात केली. म्हणालो, आमच्या जमातीला फासे आणि चक्र हवं आहे.

“हं,” ओडगार्ड म्हणाले. अगदी घोटून आले होते. बायकोसमोर सराव केला असावा. पडद्यावर उमटलं : हो.

मला आधी वाटलं, डोळे फसले. मी म्हणालो, दुसरा कॅसिनो गिरणीच्या जागेवर व्हावा.

“हं.”

पडद्यावर : हो.

मी म्हणालो, तिकडं जाणारा फाटा राज्यानं काढून द्यावा.

“हं,” ओडगार्ड म्हणाले, आणि डोळे मिटून मानही डोलावली. हो.

आता मॅव्हिसलाही दिसलं होतं. तिनं टेबलाखालून माझ्या नडगीवर अशी लाथ घातली की उद्या होडीत मी लंगडत चढणार आहे. कानाशी येऊन म्हणाली, “थांबू नकोस. पूल माग. शाळा माग. राजधानी माग!” पलीकडे ऑस्कर तोंडात रोटी कोंबून हसू दाबत होता. त्या म्हाताऱ्या इडाबाई, ज्यांना वाचता येत नाही, त्यासुद्धा सगळ्यांच्या तोंडाकडे बघून खूश झाल्या होत्या.

ताई, मोह म्हणजे काय ते मला पन्नाशीला आल्यावर कळलं. काही करायचंच नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, जे मला उत्तम येतं. त्यांच्याच कागदानं त्यांना बांधून टाकता आलं असतं आणि वर त्यांना वाटलं असतं की ते सभ्यपणे वागले. गेल्या महिन्यात मला वाटलं होतं, तसंच.

मी टायपिस्टबाईंना म्हणालो, “बाई, जरा थांबा.” सुतारपक्षी थांबला. कॉफीचं भांडं उकळताना ऐकू येऊ लागलं.

मी म्हणालो, “यांनी आत्ता तीनदा हो म्हटलेलं नाही. हं म्हटलंय. आम्ही म्हणतो तसं. ते खोडा.”

ओडगार्डनी पडद्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बिटासारखा झाला. बॅग धरणाऱ्यानं बॅग छातीशी धरली. मॅव्हिसनं कपाळ टेबलावर टेकलं ते बराच वेळ वर उचललं नाही.

मग मी उभा राहिलो आणि राहिलेलं सांगितलं, कारणासह. म्हणालो, चौदा जुलैला मी याच खुर्चीत होतो आणि हा पडदा मला दिसत होता. माझ्या एक्केचाळीस हंचे हो होताना मी पाहिले. मला लाज वाटली म्हणून गप्प बसलो आणि मोठेपणा वाटला म्हणूनही गप्प बसलो. बाईंची चूक नाही. चूक माझी. इडाबाई मागून मोठ्यानं म्हणाल्या, “म्हणजे दात दुखत नव्हता?” मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, “मग लवंग परत दे.”

लोक हसले.

ओडगार्ड आपल्या पेनाचं टोपण उघडत आणि लावत होते. मग म्हणाले, “श्री. ड्रिफ्ट, तुम्ही मला बांधून टाकू शकला असता.”

मी म्हणालो, “ते दिसत होतं.”

ते म्हणाले, “गोल्फबद्दलचंही हं होतं का?”

मी म्हणालो, “गोल्फबद्दलचं तर फारच हं होतं.”

त्यांनी टोपण लावलं ते पुन्हा उघडलं नाही. टायपिस्टबाईंना म्हणाले, “दोन्ही दिवसांचे सगळे हो काढा.” मग माझ्याकडे वळून सावकाश, एकेक शब्द वेगळा करून विचारलं, “उत्तरेच्या धक्क्यावर इमारत बांधायला आपली संमती आहे का?”

एवढ्या वर्षांत मी तो शब्द त्या खोलीत कधी म्हटला नव्हता. पाहुण्याच्या तोंडावर तर नाहीच. खिडकीतून तळं दिसत होतं. मी म्हणालो, “नाही.”

बाईंनी टाइप केलं. ओडगार्डनी वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं, “श्री. ड्रिफ्ट : नाही.”

“हं,” मी म्हणालो. सवय.

बाईंची बोटं वरच्या वर थांबली. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, “आता हे काय लिहू?”

मी म्हणालो, “काही लिहू नका, बाई. माझं उत्तर आधीच लिहून झालंय.”

लिअँडर